पारदर्शक ठिपक्याचा इतिहास : जाहिरात आपल्याला ओळखू लागली ती कशी? (थ्रेड)

१/ जाहिरातीवरचा अर्धा पैसा वाया जातो, पण तो अर्धा नेमका कोणता हे कळत नाही, अशी व्यापाऱ्यांची जुनी कैफियत आहे. वृत्तपत्रांच्या काळात त्यावर एक तोडगा होता. जाहिरातीत कापून पाठवायचे कूपन छापायचे आणि प्रत्येक वृत्तपत्रासाठी त्यावर निराळी खूण ठेवायची. कोणत्या खुणेची किती कूपने परत आली, यावरून हिशेब लागे. अमेरिकन जाहिराततज्ज्ञ क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली आपल्या पुस्तकात अशा मोजमापाचा हिरिरीने पुरस्कार केला.

२/ २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची बॅनर जाहिरात झळकली. किती क्लिक झाले, हे मोजता येत होते. परंतु क्लिक करणारा पुढे परत आला का, त्याने काही विकत घेतले का, हे उमगत नव्हते. वेबला स्मरणशक्तीच नव्हती. सर्व्हरच्या लेखी प्रत्येक पाहुणा नवखाच असे.

३/ त्याच वर्षी नेटस्केपमधील तरुण अभियंता लू मोंटुली यांनी 'कुकी' घडवली. उद्देश साधा होता : ऑनलाइन दुकानातील खरेदीची टोपली लक्षात राहावी. सर्व्हरने ब्राउझरजवळ एक चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या भेटीत ब्राउझरने ती त्याच सर्व्हरला दाखवायची. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसू नये, ही दक्षताही त्यात होती.

४/ मात्र एक फट राहिली. एका पानावरील चित्रे अनेक सर्व्हरवरून येऊ शकतात. जाहिरात कंपनीचे चित्र हजार संकेतस्थळांवर असेल, तर तिची एकच चिठ्ठी हजार ठिकाणी ओळख पटवते. पुढे चित्रही दिसेनासे झाले : एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, पारदर्शक. तो ठिपका खरेदीनंतरच्या 'आभार' पानावर ठेवला, की कोणत्या जाहिरातीने ग्राहक आणला ते कळे. हे जुनेच कूपन होते. फरक इतकाच की ते कापून पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

५/ फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकांत अशा परक्या कुकी आपसूक स्वीकारू नयेत, असे नमूद झाले. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांनी ते मानले नाही.

६/ १९९९ साली डबलक्लिक या जाहिरात कंपनीने खऱ्या नावापत्त्यांची प्रचंड नोंद बाळगणारी अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. निनावी चिठ्ठीला नाव जोडले जाणार, या शंकेने गदारोळ उठला, सरकारी चौकशी सुरू झाली आणि मार्च २००० मध्ये डबलक्लिकने तो बेत स्थगित केला. २००८ मध्ये ती कंपनी गूगलच्या मालकीची झाली.

७/ २०२० मध्ये ॲपलच्या सफारीने परक्या कुकी सरसकट रोखल्या. १९९७ चा तो सल्ला एका मोठ्या ब्राउझरात पूर्णत्वाने उतरायला २३ वर्षे लागली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधाइतकेच 'आपसूक काय चालू ठेवायचे' हे ठरवणेही निर्णायक असते. आपण न बदललेली प्रत्येक सेटिंग हा कुणीतरी आपल्यासाठी आधीच घेतलेला निर्णय असतो.