डेमलो स्टेशनवरची संख्या

एक्सेल उघडा. नऊ एकांची संख्या घ्या, १११११११११, आणि तिचा वर्ग करा. सगळे अंक दिसतील असं फॉरमॅट ठेवा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० येईल. हे चूक आहे. एक्सेल पंधरा अंकच सांभाळतं, पुढे शून्यं भरतं. खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१.

पेटच्या अभ्यासात असताना मला हे सॉफ्टवेअरने नाही, कागदाने समजावलं. मे महिन्यातली चंद्रपूरची दुपार, लाईन गेलेली. गुणाकार मांडला. नऊ एकांची तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. आता उभे रकाने मोजा: एक, दोन, तीन... मधल्यात नऊ, मग परत उतरत एक. बस, एवढंच आहे.

या संख्येला नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६). फर्ग्युसनमध्ये शिकलेले, बी.एस्सी. झालेले, पदव्युत्तर पदवी नसलेले देवळालीचे शाळामास्तर. जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना ही कल्पना सुचली. म्हणून 'डेमलो संख्या'. त्यांचं व्यापक कुटुंब वेगळं दिसतं: १६५, २५५३, ४७७७३. टोकांची बेरीज मधल्या अंकाइतकी. आपली १, १२१, १२३२१ ही रांग त्यातली 'अद्भुत' शाखा. त्यावरचा लेख १९३८ साली 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये आला.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आणि संख्येला ८१ ने पूर्ण भाग जातो! भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. (आठ कुठे गेला, ते पुढे बघू.) स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' म्हटलं, आनंद देणाऱ्या.

अनेक गणितज्ञांना हे काम करमणुकीचं वाटलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा ६१७४ वाले कापरेकर जगभर माहीत झाले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हे मान्य करायला हवं. ही गंमत आपण दहाच्या आधारावर लिहितो म्हणून आहे, संख्येच्या पोटातली नाही. पण मग आधार बदलून बघा ना. सोळाच्या आधारावर पंधरा एकांपर्यंत हाच डोंगर चढतो-उतरतो. कुठलाही आधार घ्या, त्याहून एक कमी इतक्या एकांपर्यंत हातचा येतच नाही. एका संख्येच्या कौतुकातून इथे सिद्ध करता येणारं विधान हाती लागतं. संशोधन प्रस्तावात मार्गदर्शक विचारतात तो प्रश्न हाच असतो: तुमचा नियम मोडतो कुठे?

इथे तो दहा एकांवर मोडतो. मधल्या रकान्यात दहा येतात, शून्य लिहून हातचा एक. शेजारचे नऊ दहा होतात, परत हातचा, आणि त्यापुढचा आठ नऊ होऊन बसतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा तुकडा वाचा: १२३४५६७९. आठ परत गायब, आणि दोन्हीकडे कारण एकच, हातचा. १११११११११ ला नऊने हाताने भागून बघा, सापडेल.