१६ एप्रिल १९६२ : इयन मकाय यांचा जन्म

हार्डकोर पंक संगीतातील अग्रगण्य गायक इयन मकाय यांचा जन्म अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे झाला. पंक रॉकची लय अधिक वेगवान करून, गाणी मिनिट-दीड मिनिटांपर्यंत आखडून आणि गायनाला आवेशपूर्ण घोषणेचे रूप देऊन जो प्रकार ऐंशीच्या दशकारंभी रूढ झाला, तो हार्डकोर होय. मकाय यांनी १९८० मध्ये जेफ नेल्सन यांच्यासह ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका प्रकाशनसंस्था आणि ‘मायनर थ्रेट’ हा बँड स्थापन केला. तो १९८३ मध्ये विसर्जित झाला असला, तरी त्याच्या ‘स्ट्रेट एज’ या जेमतेम पाऊण मिनिटाच्या गाण्यामुळे दारू, तंबाखू व अमली पदार्थ नाकारणारी जीवनपद्धती देशोदेशींच्या तरुणांत रुजली, ही संगीताच्या इतिहासातील खरोखर असामान्य घटना आहे. चळवळ उभारण्याचा आपला हेतू नव्हता, असे मकाय यांनी मात्र वारंवार स्पष्ट केले. १९८७ पासून रंगमंचावर आलेल्या ‘फुगाझी’ या त्यांच्या पुढील बँडने बड्या कंपन्यांशी करार टाळला, तिकीट ५ डॉलरच्या आसपास ठेवले आणि अल्पवयीन श्रोत्यांनाही प्रवेश मिळावा असा आग्रह धरला. तत्त्वनिष्ठेची ही किंमत त्यांनी आनंदाने मोजली. ‘फुगाझी’ २००३ पासून थांबला असून, त्याच्या शेकडो मैफलींची ध्वनिमुद्रणे २०११ पासून श्रोत्यांना उपलब्ध आहेत.