गण बदलला, अर्थ बदलला

विहाराच्या वर्धापनदिनी गाण्यांचा कार्यक्रम होतो. लोक नाचतात आणि सकाळी सारं विसरतात. म्हणून आज आम्हाला भीमजलशाची आठवण करून द्यावीशी वाटते.

तमाशाची मांडणी जुनी आहे. आधी गण, मग गौळण, पुढे बतावणी, शेवटी वग. गणात गणपतीला नमन. गौळणीत बाजाराला निघालेल्या बायकांची वाट कृष्ण अडवणार, मावशी हसवणार. वगात राजाराणीची कथा. आधी कुणापुढे डोकं टेकायचं आणि कुणाच्या अब्रूवर हसायचं, हे ती मांडणीच ठरवून टाकते. आपल्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा थोर कलावंत होती. पठ्ठे बापूरावांची कवनं तिने गाजवली. तिच्या कलेला आमचं वंदन. पण वाट अडवली जाणारी ती गौळण आपल्याच समाजाची लेक होती, हे विसरून चालणार नाही.

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला. पुढे सत्यशोधक जलसाकारांनी ढोलकी तीच ठेवली, पण गणाचा अर्थ बदलला. गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पुढारी, असं ते सांगू लागले. थट्टेच्या जागी भटशाहीला सवाल आले.

१९३०च्या सुमारास शेजारच्या नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी हीच वाट पुढे नेली. बाई नाचवायची नाही. स्त्रीपार्ट पुरुषच करीत. राजाराणी गेले, काळाराम मंदिराचा सत्याग्रह आला, १९३२चा पुणे करार आला. खरी ताकद सवाल-जवाबात होती. एक पात्र जुन्या मताचं, दुसरं शिकलेलं. भाषण माणूस गप्प बसून ऐकतो. इथे त्याच्या मनातली शंका जुन्या मताचं पात्रच बोलून दाखवी. जवाब मिळाला की श्रोत्याला वाटे, हे मलाच सांगितलं. अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार असा पोचला.

पुढे अण्णा भाऊ साठ्यांनीही गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केलं आणि गौळण गाळली. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या गाण्यांत बुद्ध-भीमाला पहिलं वंदन आलं.

आज ते वंदन आहे, पण सवाल कुठे आहे? नुसती गाणी एकामागे एक लावली, तर भक्ती वाढेल, विचार वाढणार नाही. आमची सूचना साधी आहे. पुढच्या वर्षी आपल्या मुलांनी दहा मिनिटांची एक तरी बतावणी बसवावी. एक पात्र हुंडा मागणाऱ्या बापाचं, दुसरं शिकलेल्या मुलीचं. आणि मुलीचं काम मुलीनेच करावं. तिची वाट कुणी अडवणार नाही. सवाल तीच करील.

जय भीम! जय बुद्ध!