तो बटाटा, ती पताता
स्पॅनिशच्या सुरुवातीच्या धड्यांत 'पान' म्हणजे पाव, 'पताता' म्हणजे बटाटा आणि 'पगार' म्हणजे पैसे देणं, हे वाचलं आणि अंधेरीत बसून मी परकी भाषा शिकतेय असं वाटेना.

हे शब्द मराठीत आले ते स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीकडून, पोर्तुगीजमधून. १५३४च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सगळा साष्टीचाच मुलूख. सीप्झमधलं पडकं चर्च १५७९चं. पुढच्याच वर्षी पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली. १६४०पर्यंत स्पेनचा राजा तोच या उपनगरांचाही राजा!

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राज्य गेलं, शब्द मात्र राहिले, कारण तोवर ते आपल्या व्याकरणात मुरले होते. स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये आकारान्त नाम बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून पताता 'ती'. मराठीत ते बहुधा पुल्लिंगी, म्हणून बटाटा 'तो'. 'पगार' तिकडे क्रियापद. इकडे ते नाम झालं, महिनाभर वाट बघायला लावणारं. 'चावी'वर तर पोर्तुगीज शिक्काच आहे: लॅटिन 'क्लाविस'मधल्या 'क्ल'चा त्यांनी 'च' केला, स्पॅनिशने 'य'. तिथे चावी म्हणजे 'यावे'.

म्हणून शुद्ध मराठीवरून वाद पेटला की मला वडापाव आठवतो. शब्द आपला की परका, हे त्याच्या जन्मगावावरून कसं ठरवणार? बटाट्याचा, पावाला, पगारात: विभक्ती लागली की तो घरचा झाला.