विसण : एका शब्दातले तंत्र

नेवाशाच्या जुन्या घरांत बंबातले कढत पाणी घंगाळात काढीत आणि त्यात थंड पाण्याचे विसण घालीत. जाळ तसाच राही. उष्णता आवरे ती मिश्रणाने.

येथून संभाजीनगरमार्गे दौलताबादला गेल्यास किल्ल्यातील मुघलकालीन हमाम दिसतो. तेथेही स्नानासाठी गरम व थंड पाण्याची सोय होती.

आज थंड देशांत फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवून घरे उबदार ठेवतात. बॉयलरचे पाणी अनेकदा ७०–८० अंश सेल्सिअस असते. फरशीला ३५–४५ अंश पुरतात. म्हणून तीन तोंडांची झडप नळ्यांतून निवून परतलेले पाणीच त्यात मिसळते. हेही विसणच!

गिझरच्या काळात हा शब्द विरत चालला आहे. घरातील वडीलधाऱ्यांना तो विचारा आणि नोंदवून ठेवा.