चर्चचे काम काय? बाबासाहेबांची कसोटी आणि आपली जबाबदारी

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती देहूरोडच्या विहारात बसवली. त्याच तारखेला पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये नाताळचे आकाशकंदील लागतात. आम्ही देहूरोडला वंदनेला जातो आणि वाटेतल्या चर्चकडे पाहून "तो त्यांचा सण" म्हणतो. पण हे "ते" कोण?

कारखान्यांच्या मागे नगर, मराठवाडा, सोलापूरहून जी माणसे इथे आली, त्यांत महार-मांगांची ख्रिस्ती झालेली घरेही होती. गावकुसाबाहेरची वस्ती एकच, आडनावेही बहुतेक तीच. आजोबांनी वेगळी वाट धरली, एवढाच फरक.

ती वाट धरण्याला कारण होते. गावच्या शाळेत आमच्या पोरांना दार बंद होते, तेव्हा मिशनच्या शाळेत पाटी मिळाली. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीमाईंनी नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली मिशनऱ्यांच्याच 'ज्ञानोदय'ने छापला. हे ऋण नाकारणारा इतिहास आम्हाला मान्य नाही.

पण ऋण मानणे म्हणजे प्रश्न न विचारणे नव्हे. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांची आपल्यावर पडलेली मोहिनी मोकळेपणाने सांगितली. लगेच दोन बोचरे मुद्देही मांडले. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, हा एक. मिशनने शिकवलेला समाज अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहत नाही, हा दुसरा. अशिक्षित अस्पृश्य रस्त्यावर उतरला आणि शिकलेला ख्रिस्ती मागे राहिला. पुढे आपल्या लेखनातही त्यांनी तपासले की मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ नेमका कोणाला झाला आणि धर्मांतरिताची जात खरोखर सुटली का.

धर्म बदलला तरी जात चिकटून राहते, हे समाजाला ठाऊक आहे. कायदा मात्र ते मानत नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील परिच्छेद ३ ने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच आहेत. वस्तीत शिवी जातीवरूनच पडते, पण अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होत नाही. महापालिकेच्या अनुसूचित जातींसाठी राखीव प्रभागात त्यांना उभे राहता येत नाही.

मग या पट्ट्यातल्या चर्चचे काम काय? येशूने नासरेथच्या सभास्थानात आपले काम सांगितले, ते गरीब, बंदिवान आणि पिचलेल्यांची नावे घेऊन. तीच कसोटी लावू. रविवारी प्रार्थनेला बसलेला तरुण सोमवारी चाकणच्या कंपनीत कंत्राटदाराच्या हजेरीवर उभा असतो. त्याचा पीएफ भरला का, अपघात झाला तर भरपाई मिळाली का, काम सुटले तर घरभाडे कोण भरणार, हे प्रश्न व्यासपीठावरून कधी विचारले जाणार? उपासना आणि इंग्रजी शाळा एवढ्यावर थांबलेले चर्च आपल्याच माणसाला अर्ध्या वाटेत सोडते.

आमचेही काम आहे. धम्म स्वीकारल्याची किंमत म्हणून केंद्राच्या सवलतींसाठी आम्ही १९५६ पासून १९९० पर्यंत, ३४ वर्षे झगडलो. "धर्म बदललात, आता कसली जात?" हा प्रश्न आम्हालाही ऐकावा लागला. आज तोच प्रश्न आमच्यातले काही दलित ख्रिस्ती भावाला विचारतात. वाटेकरी वाढतील ही भीती खोटी नाही. म्हणून मागणीही पूर्ण हवी: परिच्छेद ३ रद्द करा आणि लोकसंख्या वाढेल त्या प्रमाणात आरक्षणाची टक्केवारी वाढवा. भाकरी तेवढीच ठेवून भावाभावांत भांडण लावणे हा सत्तेचा जुना डाव आहे.

येत्या २५ डिसेंबरला देहूरोडहून परतताना वस्तीतल्या चर्चच्या दारात थांबा. शुभेच्छा द्या आणि परिच्छेद ३ बद्दल बोला.

जय भीम!