पंखा : चालतोय ना, मग राहू दे!

वीजबिल कमी करायचं म्हटलं की आपण आधी बल्ब मोजतो. खरं तर बल्बचा प्रश्न बराचसा सुटलाय. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि सरकारी घाऊक खरेदीत ३१० रुपयांचा एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत ४० च्या खाली आला. ६० वॅटचा जुना बल्ब उडाला की ९ वॅटचा नवा लावायचा, विषय संपला.

पंख्याचं तसं नाही. तो उडतच नाही ना!

१८८० च्या दशकात फिलिप डील नावाच्या अमेरिकन गृहस्थाने शिलाई मशीनची मोटर छताला टांगली आणि विजेवरचा सीलिंग फॅन जन्माला आला. आपल्या घरांत पुढे इंडक्शन मोटरचा पंखा आला, साधारण ७५ वॅटचा, आणि दशकानुदशकं तसाच राहिला. बदलला तो रेग्युलेटर. आठवतोय का तो स्विचबोर्डवरचा मोठ्ठा चौकोनी डबा? हात लावला की कोमट लागायचा. त्यात रेझिस्टन्स असे. पंखा हळू केला की वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यातच उष्णता होऊन जाई. 'पंखा हळू केला तरी बिल तेवढंच' हे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आल्यावर ती गळती थांबली, पण मोटर तीच! (आमच्या धंद्यात ह्याला लेगसी कोड म्हणतात. चालतंय ना, मग हात लावू नका.)

२००६ साली स्टार लेबल आलं. २०१० पासून ते फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एसीला सक्तीचं झालं. पंख्याला मात्र सक्ती व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. घरोघरी तासन्‌तास चालणारी वस्तू, आणि नंबर इतक्या उशिरा... असो.

दरम्यान बीएलडीसी पंखा बाजारात आला होता. रोटरमध्ये चुंबक, त्यामुळे इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये वाया जाणारी वीज वाचते. फुल स्पीडला ३० वॅटच्या आसपास. म्हणजे तासाला ४५ वॅट-तासांची बचत. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट. थंडीचे दोन महिने सोडा, युनिटला ८ रुपये धरा, वर्षाला १,२८० रुपये झाले. ३,००० चा पंखा अडीच वर्षांच्या आत फिटतो. हाच पंखा रोज तासभर चालणाऱ्या पॅसेजमध्ये लावलात तर पंचवीसहून जास्त वर्षं! म्हणून घरातले सगळे पंखे एकदम बदलायला मी सांगणार नाही. आधी बेडरूमचा, मग हॉलचा.

खरी मेख आहे भाड्याच्या घरात. पंखा घेणार घरमालक, बिल भरणार आपण. तो स्वस्तातला घेतो, त्याच्या बाजूने बरोबरच आहे. मला विचाराल तर सरळ स्वतःचा पंखा घ्या, घरमालकाला सांगून जुना माळ्यावर टाका, आणि घर सोडताना परत लावून द्या. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे.